चढायचं सोपं, उतरायचं कठीण

"मार्केट म्हणजे जुगार रे बाबा! त्यापेक्षा एफडी कर, जमलं तर एखादा फ्लॅट बुक करून टाक. कसं, सेफ असतं."

हे वाक्य ज्याने कधीच ऐकलेलं नाही असा पगारदार मराठी माणूस मला अजून भेटायचाय. मला तर पहिला पगार खात्यात जमा व्हायच्या आधीच हे ऐकवण्यात आलं होतं. सांगणारे प्रेमाने सांगतात, त्यांच्या हेतूबद्दल मला काडीची शंका नाही. शंका आहे ती त्या शेवटच्या शब्दाबद्दल. सेफ!

दुसरी पार्टी साधारण माझ्या वयाची. हातात फोन, फोनवर ॲप, ॲपमध्ये हिरवे आकडे. ही मंडळी एफडीवाल्या काकांना हसतात. "अरे, मार्केट पडलं की उचलायचं. मार्च २०२० मध्ये घेतलं असतंस ना, तर आज कुठे असतास!" (बहुतेक विरारलाच असतो. पण असो.)

गंमत अशी की या दोन्ही पार्ट्या एकाच प्रश्नाभोवती फिरतायत: भाव पडेल का? एक म्हणते पडतो, म्हणून लांब राहा. दुसरी म्हणते पडला तरी परत चढतो, म्हणून आत शीर. माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि गेल्या दोन दशकांत आपल्या लोकांचे जेवढे पैसे अडकले, त्यातले बरेचसे या चुकीच्या प्रश्नामुळे अडकले. गुंतवणूक सेफ आहे की नाही हे तिचा भाव हलतो का यावरून ठरत नाही. ज्या दिवशी मला पैसे लागतील, त्या दिवशी ते माझ्या हातात पडतात का, यावरून ठरतं.

वसई-विरारकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. संध्याकाळी दादरला नवखा माणूस विरार फास्टच्या दारासमोर उभा राहतो. मागची गर्दीच त्याला उचलून आत नेते, त्याला स्वतःला काही करावं लागत नाही. गडी खूश! मग बोरिवली येतं. त्याला उतरायचं असतं, आणि तेव्हा त्याला कळतं की आत येणं हा भाग सोपा होता. दार चार फुटांवर आहे, स्टेशन समोर दिसतंय, आणि तो मात्र पुढच्या स्टेशनच्या दिशेने चाललाय. पैशाचंही अगदी तसंच असतं. चढवायला एजंट आहे, ॲप आहे, बिल्डरचा सेल्समन आहे, रविवारच्या पेपरची पानभर जाहिरात आहे. उतरवायला कोणी नसतं.

सुरुवात २००८ पासून करू, कारण 'जुगार' हा शब्द घराघरात पक्का झाला तो तेव्हा. मी तेव्हा शाळेत होतो, त्यामुळे आठवणी माझ्या नाहीत. पण आकडे सगळ्यांसाठी सारखेच आहेत. १० जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २१,२०६ पर्यंत जाऊन आला. १५ ते १८ जानेवारीला रिलायन्स पॉवरचा आयपीओ आला, तो ७३ पट भरला. ज्यांनी आयुष्यात शेअर घेतला नव्हता त्यांनी त्यासाठी डीमॅट खाती उघडली. २१ जानेवारीला सेन्सेक्स एका दिवसात १,४०८ अंकांनी कोसळला. ११ फेब्रुवारीला रिलायन्स पॉवर बाजारात आला तेव्हा किरकोळ गुंतवणूकदारांना ४३० रुपयांना मिळालेला शेअर पहिल्याच दिवशी ३७२ रुपयांच्या आसपास बंद झाला. सप्टेंबरमध्ये तिकडे अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली आणि २७ ऑक्टोबरला सेन्सेक्स ७,६९७ ला टेकला. दहा महिन्यांत चौसष्ट टक्के गायब!

पुढचा भाग मात्र काका लोक सांगत नाहीत. १८ मे २००९ ला निवडणुकीच्या निकालानंतर सेन्सेक्स एका दिवसात १७ टक्के वर गेला, इतका की व्यवहार थांबवावे लागले. आणि नोव्हेंबर २०१० मध्ये दिवाळीच्या मुहूर्ताच्या सौद्यांत तो २१ हजारांवर बंद झाला. म्हणजे वरून खाली आणि खालून परत वर, या सगळ्या फेरीला दोन वर्षं दहा महिने लागले. मी इंडेक्सबद्दल बोलतोय हं, एकेकट्या शेअरबद्दल नाही. एकेकटे शेअर तर कित्येक परत आलेच नाहीत.

मग बुडालं कोण? जे या दोन वर्षं दहा महिन्यांत उतरायला निघाले ते. ज्यांची नोकरी गेली, ज्यांच्या घरात आजारपण आलं, ज्यांनी बहिणीच्या लग्नाचे किंवा घराच्या डाउन पेमेंटचे पैसे 'सहा महिन्यांत डबल' करायला लावले होते ते. यातून घ्यायचा धडा सरळ होता: दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा शेअरमध्ये घालू नये. आपण काय धडा घेतला? शेअर वाईट, बाकी सगळं सेफ. म्हणजे प्रोग्रॅममधल्या एका ओळीत बग सापडला म्हणून अख्खी सिस्टिम टाकून दिली, आणि दुसरी आणली ती टेस्ट न करताच!

'बाकी सगळं सेफ' ही समजूत कशावर उभी आहे? तर भाव दिसत नाही यावर. शेअरचा भाव दर सेकंदाला डोळ्यांसमोर नाचतो म्हणून तो भीतीदायक वाटतो. एफडीची पावती कपाटात शांत पडलेली असते. फ्लॅटचा भाव कोणी रोज सांगत नाही. थर्मामीटर काढून ठेवला म्हणजे ताप गेला, असला हा प्रकार! आपल्या आधीच्या पिढीने हा अनुभव एकदा घेतलाही होता. युनिट ट्रस्टची यूएस-६४ ही योजना १९६४ पासूनची. मध्यमवर्गाच्या दृष्टीने ती एफडीच्या सख्ख्या बहिणीसारखी. तिची खरी नक्त मालमत्ता किंमत जाहीरच होत नव्हती, ट्रस्टच भाव ठरवून देत असे. जुलै २००१ मध्ये युनिट परत घेणंच थांबवलं गेलं, आणि त्या शांत भावामागे काय दडलं होतं ते लोकांना कळलं.

आता आपल्या पट्ट्यात येऊ या. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, म्हणजेच पीएमसी बँक. स्थापना १९८४ ची, १३७ शाखा. मार्च २०१९ च्या ताळेबंदात सुमारे शंभर कोटींचा नफा दाखवणारी बँक. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवीदारांना मेसेज गेले: सहा महिन्यांत एका खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील. एक हजार! पुढे ही मर्यादा दहा हजार झाली, मग पंचवीस, चाळीस, नोव्हेंबरमध्ये पन्नास हजार आणि जून २०२० मध्ये एक लाख. पन्नास हजार झाली तेव्हा रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं की आता ७८ टक्क्यांहून जास्त ठेवीदार आपली पूर्ण रक्कम काढू शकतील. ऐकायला बरं वाटतं. पण उरलेले कोण होते? आयुष्यभराचा प्रॉव्हिडंट फंड एका बँकेत ठेवलेले निवृत्त लोक. आणि गृहनिर्माण सोसायट्या, ज्यांच्या मेंटेनन्सपासून दुरुस्ती निधीपर्यंत सगळं तिथे होतं. लिफ्ट बंद पडली, पैसे आहेत, पण नाहीत.

बँक का बुडाली हे आपल्याला तर पाठच असायला हवं. नंतर बाहेर आलेल्या माहितीप्रमाणे बँकेच्या सुमारे ८,८०० कोटींच्या कर्जांपैकी ६,५०० कोटींच्या आसपास कर्ज एकाच बिल्डर समूहाकडे होतं, एचडीआयएलकडे. ते लपवण्यासाठी २१ हजारांहून जास्त बनावट खाती दाखवलेली होती. आणि एचडीआयएल म्हणजे कोण? वसई-विरार पट्ट्यात भरपूर जमीन बाळगून असलेली, विरारला आणि पुढे पालघरला प्रकल्प उभारणारी कंपनी. तिच्या होर्डिंगखालून आपल्यापैकी कित्येक जण रोज स्टेशन गाठत होते. ऑगस्ट २०१९ मध्ये ही कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली आणि महिन्याभरात बँकेचं झाकण उघडलं.

शेवट काय झाला? २५ जानेवारी २०२२ ला पीएमसी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतची रक्कम ठेव विम्यातून मिळाली, तीही निर्बंध लागल्यावर सव्वादोन वर्षांहून जास्त काळाने. त्यावरच्या रकमेसाठी हप्त्यांचं वेळापत्रक आलं, आणि मोठ्या ठेवींचा शेवटचा हिस्सा मिळायचा तो दहा वर्षांनी. शिवाय मार्च २०२१ नंतर पाच वर्षं व्याज नाही. सत्तर वर्षांच्या माणसाला तुम्ही सांगताय की तुमचे पैसे सेफ आहेत, फक्त २०३२ पर्यंत थांबा!

आता तुलना करा. २००८ मध्ये अगदी शिखरावर इंडेक्स घेतलेल्या माणसाला, म्हणजे सगळ्यात दुर्दैवी माणसाला, दोन वर्षं दहा महिन्यांत त्याची जवळजवळ सगळी रक्कम परत दिसली. आणि मधल्या काळात कुठल्याही दिवशी, तोटा सोसून का होईना, तो बाहेर पडू शकत होता. 'सेफ' एफडीवाल्याला ती सोयही नव्हती. मी शेअर एफडीपेक्षा सेफ आहेत असं म्हणत नाहीये, कृपया तसा अर्थ काढू नका. दोघांचे धोके वेगळ्या जातीचे आहेत इतकंच म्हणतोय. एकाचा धोका रोज दिसतो, दुसऱ्याचा एकदम दिसतो.

यावर लगेच कोणीतरी म्हणणार, "सहकारी बँका असल्याच!" अजिबात नाही. आपल्या वसईतच १९१८ पासून बॅसीन कॅथलिक बँक उभी आहे, आणि तीही सहकारीच. शिवाय मार्च २०२० मध्ये निर्बंध आले ते येस बँकेवर, जी सहकारी नव्हती. तिच्या खातेदारांना पन्नास हजारांची मर्यादा लागली आणि ती तेरा दिवसांत उठली. एकीकडे तेरा दिवस, दुसरीकडे दहा वर्षं. पाटी सहकारी की खाजगी यावर फार काही अवलंबून नसतं. आपले सगळे पैसे त्या एका दारामागे आहेत का, यावर बरंच काही असतं.

आमच्या धंद्यात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. दोन सर्व्हर ठेवले पण दोघांची वायर एकाच प्लगला, तर ते दोन सर्व्हर नव्हेत. २०१९ मधला एक काल्पनिक पण अगदी शक्य असलेला वसईकर डोळ्यांसमोर आणा. एफडी पीएमसीत. थोडं जास्त व्याज मिळतं म्हणून काही रक्कम डीएचएफएलच्या मुदत ठेवीत. ही गृहकर्ज कंपनी २०१९ च्या सुरुवातीपर्यंत ट्रिपल ए रेटिंग मिरवत होती. आणि एक बुकिंग एचडीआयएलच्या प्रकल्पात. याच्या डोक्यात हिशेब असा: बँक, कंपनी डिपॉझिट, फ्लॅट. तीन वेगळ्या टोपल्या, झालं डायव्हर्सिफिकेशन! प्रत्यक्षात एचडीआयएल आणि डीएचएफएल म्हणजे एकाच वाधवान कुटुंबाच्या दोन शाखांच्या कंपन्या, धंदे पुढे वेगळे झालेले असले तरी. दोघींचा श्वास बिल्डर लोकांच्या तेजीवर. पीएमसीची कर्जंही तिथेच. ऑगस्टमध्ये एचडीआयएल, सप्टेंबरमध्ये पीएमसी, आणि नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने डीएचएफएलचं संचालक मंडळ बरखास्त केलं. चार महिन्यांत तिन्ही टोपल्या खाली. आणि यात मार्केटचा 'जुगार' कुठेच नव्हता.

हे वाचून आयटीतल्या मंडळींनी हसू नये. ७ जानेवारी २००९ ला सत्यमचा घोटाळा बाहेर आला आणि शेअर एका दिवसात सुमारे ७८ टक्के पडला. पन्नास हजारांहून जास्त लोक तिथे काम करत होते. त्यातल्या ज्यांनी कंपनीचेच शेअर जपून ठेवले होते, त्यांचा पगार आणि बचत एकाच सकाळी धोक्यात आली. आज आपण कंपनीच्या आरएसयूकडे 'आपलीच कंपनी आहे, विश्वास आहे' म्हणून बघत बसतो. बाबा रे, पगार तिथूनच येतो, विमा तिथूनच, आणि बचतही तिथेच? विश्वास असू दे, पण शेअर हातात आले की थोडे विकत जा.

आता फ्लॅट. इथे मला शिव्या पडणार हे माहीत आहे, पण लिहितोच. राहायला घर घ्या, जरूर घ्या, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी बोलतोय ते 'इन्व्हेस्टमेंट म्हणून' घेतलेल्या दुसऱ्या फ्लॅटबद्दल. त्याला उतरण्याची परीक्षा लावून बघा. घरात कोणाला तरी हॉस्पिटलमध्ये ठेवलंय आणि चार लाख लागतायत. फ्लॅटची एक बेडरूम विकता येते का? अख्खा फ्लॅट विकायचा तर आधी ग्राहक शोधा, मग त्याचं लोन पास होऊ दे, मग सोसायटीची एनओसी, मग रजिस्ट्रेशन. बाजार चांगला असेल तर दोन-तीन महिने. आणि संकटाच्या काळात बाजार चांगला नसतोच, म्हणून तर त्याला संकट म्हणतात! वर ईएमआय चालूच.

त्यात आपल्याकडची खास भानगड म्हणजे कागदपत्रं. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी आरक्षित असलेल्या जागेवर ४१ बेकायदा इमारती उभ्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत महापालिकेने त्या पाडल्या. दोन हजारांहून जास्त कुटुंबं रस्त्यावर आली. त्यांनाही कोणीतरी 'जागेत पैसा कधी बुडत नाही' हेच सांगितलं असणार. जागा आहे तिथेच आहे हो. फक्त त्यांची नाही.

एवढं झाल्यावर दुसऱ्या पार्टीला चेव चढला असेल. "बघ, आम्ही म्हणत नव्हतो? मार्केटच भारी!" थांबा, तुमच्याकडेच येतोय.

२३ मार्च २०२० ला सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी पडून २५,९८१ वर बंद झाला. त्याच नोव्हेंबरमध्ये त्याने जानेवारीचा उच्चांक ओलांडलासुद्धा. २००८ मध्ये जी फेरी जवळजवळ तीन वर्षांची होती ती यावेळी सुमारे दहा महिन्यांत आटपली. देशातली डीमॅट खाती मार्च २०२० मध्ये चार कोटींच्या आसपास होती, ती मार्च २०२४ पर्यंत पंधरा कोटींवर गेली. म्हणजे आज बाजारात असलेल्या बहुतेकांनी खरी लांबलचक मंदी बघितलेलीच नाही. त्यांच्या लेखी पडणं म्हणजे सेल, आणि सेल म्हणजे खरेदी.

पण मार्च २०२० मध्ये 'उचलणारे' कोण होते ते आठवा. २५ मार्चपासून लॉकडाउन. लोकल बंद. जूनमध्ये सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी; सगळ्यांसाठी, तीही ठरावीक वेळेत, फेब्रुवारी २०२१ मध्ये. वसई-विरारच्या अर्ध्या घरांचा पगार या एका रुळावरून येतो. आम्ही लॅपटॉपवाले घरी बसून मीटिंगा करत होतो. पण दुकानात काम करणारे, हॉटेलात काम करणारे, छोट्या वर्कशॉपमधले लोक? त्यांच्यापैकी कोणाकडे शेअर असले तर त्याने ते मार्चच्या भावात विकून किराणा भरला. हप्त्यांना सवलत मिळाली खरी, पण थांबलेल्या हप्त्यावरचं व्याज थांबलं नव्हतं. त्या वर्षी ज्याच्याकडे सहा महिन्यांचा खर्च बाजूला होता तोच स्वस्तात घेऊ शकला. त्याला बाजार कळत होता म्हणून नव्हे, त्याला विकावं लागलं नाही म्हणून. 'डिप' विकत घ्यायला अक्कल लागते हा गैरसमज आहे. लागतात ते रिकामे पैसे.

आणि जे नुसतं घेऊन थांबले नाहीत, उधारीच्या ताकदीवर फ्युचर्स-ऑप्शन्स खेळायला गेले, त्यांचा हिशेब सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये मांडला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त. इथे तर उतरायचं स्टेशन तुम्ही ठरवतच नाही. एक्स्पायरीची तारीख आणि मार्जिन ठरवतात. काकांचा 'जुगार' हा शब्द इथे मात्र मी बिनशर्त मान्य करतो.

मधल्यामध्ये एक उदाहरण राहिलं, ते मला सगळ्यात बोलकं वाटतं. २३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पलटनने आपल्या सहा डेट योजना एका रात्रीत बंद केल्या. पंचवीस हजार कोटींहून जास्त रक्कम अडकली. पुढे वसुली चांगली झाली आणि लोकांना पैसे परत मिळाले. पण पहिलं मोठं वाटप झालं फेब्रुवारी २०२१ मध्ये. ज्याने तो पैसा 'अडीअडचणीसाठी' म्हणून ठेवला होता, त्याची अडचण एप्रिल २०२० मध्येच आली होती. कागदावर त्याचं काहीच बुडालं नाही. प्रत्यक्षात ज्या कामासाठी पैसा ठेवला होता त्या कामाला तो आला नाही. सिस्टिम ॲडमिनला विचारा, तो सांगेल: रिस्टोअर करून न बघितलेला बॅकअप हा बॅकअप नसतो, ती एक समजूत असते.

मग करायचं काय? काही क्रांतिकारक नाही. आपल्या प्रत्येक गुंतवणुकीपुढे तीन प्रश्न लिहा. हा पैसा मला कधी लागेल? त्या दिवशी बाजार, बँक किंवा बिल्डर अडचणीत असेल तर तो निघेल का? आणि ज्या कारणाने माझी नोकरी जाऊ शकते त्याच कारणाने हाही जाऊ शकतो का?

समजा घरखर्च आणि ईएमआय मिळून महिन्याला पन्नास हजार जातात. तर सहा महिन्यांचे तीन लाख आधी बाजूला काढा, आणि ते दोन वेगवेगळ्या बँकांत ठेवा, बचत खाते किंवा कधीही मोडता येणाऱ्या एफडीत. त्यावर किती व्याज मिळतं हे विचारूसुद्धा नका. तो पैसा कमवायला ठेवलेला नाही. पुढच्या तीनेक वर्षांत लागणारा पैसा, लग्न असो की डाउन पेमेंट, शेअर बाजारात घालू नका, कोणी काही म्हणो. त्यापुढचा पैसा साध्या इंडेक्स फंडात एसआयपीने जाऊ द्या, आणि मार्केट पडलं की ती एसआयपी बंद करू नका. वरचे तीन लाख त्याचसाठी तर आहेत, ती एसआयपी बंद करावी लागू नये म्हणून.

एक गोष्ट मात्र कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवा. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत आहे, मुद्दल आणि व्याज धरून, सगळ्या शाखा मिळून. दहा शाखांत दहा एफडी केल्या म्हणून पन्नास लाख होत नाहीत. फेब्रुवारी २०२० पर्यंत ही मर्यादा फक्त एक लाख होती. पीएमसीनंतर ती वाढली, म्हणजे आपल्याच लोकांच्या रांगांनी ती वाढवून घेतली असं म्हणा. गल्लीतल्या पतपेढीला हा विमा लागू नाही. कंपनी डिपॉझिटलाही नाही. आई-बाबांच्या पावत्या एकदा घेऊन बसा आणि बघा.

"पण एवढं बाजूला ठेवायला मध्यमवर्गीयाकडे पैसे असतात कुठे?" हा आक्षेप येणार, आणि तो खोटा नाही. पण हाच माणूस पस्तीस हजारांचा ईएमआय डोक्यावर घेऊन दुसरा फ्लॅट बुक करतो तेव्हा हा प्रश्न कोणी विचारत नाही. तीन लाख एकदम ठेवा असं मी म्हणत नाही. महिन्याला पाच हजार टाकले तर पाच वर्षांत होतात, दहा टाकले तर अडीच वर्षांत. तोपर्यंत फ्लॅट कुठे पळून जात नाही.

"पडून राहिलेल्या पैशाला महागाई खाते त्याचं काय?" खाते. खाऊ दे. घराच्या दाराला कुलूप लावतो त्याचे पैसे पडतातच ना? हे तीन लाख म्हणजे कुलूप आहे. त्यावर होणारं नुकसान ही त्याची किंमत समजा. कुलपापासून परतावा मागणारा माणूस मी तरी बघितलेला नाही.

राहता राहिले सल्ला देणारे. एजंट, बँकेतली रिलेशनशिप मॅनेजर, बिल्डरच्या ऑफिसमधला टायवाला पोरगा आणि व्हॉट्सॲपवरचे स्वयंभू गुरू. यांच्याशी वाद घालत बसू नका, ते त्यांचं काम करतायत. पुढच्या वेळी कोणी "एकदम सेफ आहे सर" म्हणालं की एवढंच विचारा: "समजा पुढच्या मंगळवारी मला सगळे पैसे परत हवेत. कोणाकडे जायचं, किती कापले जातील, आणि कितव्या दिवशी खात्यात येतील?" तिन्हींची उत्तरं लेखी मिळाली तर पुढचं बोलणं करा. "अहो, तसं होतच नाही कधी" असं उत्तर आलं, तर चहा संपवा, नमस्कार करा आणि उठा.